डॉ. जॉन्सन यांची जलयात्रा

वऱ्हाडाला समुद्र नाही. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नांदगाव पेठ हे गाव आहे. तेथून अरबी समुद्राचा जवळात जवळचा किनाराही पाचशे किलोमीटरांहून दूर पडतो. तेथील मुलांना पाणी ठाऊक असते ते विहिरीचे, पावसाळ्यात दुथडी भरून वाहणाऱ्या नाल्याचे, किंवा फार तर वर्धा आणि पूर्णा या नद्यांचे. तथापि वाऱ्याची लहर म्हणजे काय, हे मात्र शेतकऱ्याच्या मुलाला निराळे समजावून द्यावे लागत नाही. खळ्यावर धान्य उफणण्यास उभे राहावे आणि नेमका वारा पडावा, म्हणजे भरलेले सूप हातात धरून ताटकळत राहण्यावाचून गत्यंतर नसते. शिडाच्या गलबतावरील नावाड्याची स्थिती अशीच असते. वारा पाठीमागून आला, तर गलबत बाणासारखे जाते. वारा पडला, तर ते जागच्या जागी डुलत राहते. आणि वारा समोरून आला, तर त्याला सरळ पुढे जाताच येत नाही. मग कधी डावीकडे, कधी उजवीकडे असे नागमोडी वळत, कोसाची वाट तीन कोसांची करीत जावे लागते. अशा लहरी वाऱ्याच्या स्वाधीन होऊन, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, केवळ हौसेखातर समुद्रावर गेलेल्या एका थोर पंडिताची ही हकीकत आहे.

सॅम्युएल जॉन्सन यांचा जन्म १७०९ साली इंग्लंडमधील लिचफील्ड या गावी एका पुस्तकविक्याच्या घरी झाला. इंग्रजी भाषेचा मोठा शब्दकोश त्यांनी अनेक वर्षे खपून तयार केला आणि तो १७५५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे बेचाळीस हजार शब्दांचे अर्थ दिलेले होते. देह अवाढव्य, दृष्टी मंद, कान जरा जड आणि जीभ मात्र तलवारीसारखी तीक्ष्ण, असे त्यांचे रूप होते. लंडन शहरावर त्यांचे अपार प्रेम होते. स्कॉटलंडातील लोकांची थट्टा करण्याची एकही संधी ते वाया जाऊ देत नसत. शब्दकोशात ओट या धान्याचा अर्थ देतानाही, इंग्लंडात जे घोड्यांना घालतात त्यावर स्कॉटलंडात माणसे जगतात, अशा आशयाचा चिमटा काढण्यास ते विसरले नाहीत. जहाजाविषयी तर त्यांचे मत फारच वाईट होते. जहाजात बसणे म्हणजे तुरुंगात बसण्यासारखेच आहे. फरक इतकाच, की तुरुंगात बुडून मरण्याचे भय नसते, असे ते म्हणत.

अशा या गृहस्थांचा जिवलग मित्र मात्र एक स्कॉटिश मनुष्य होता. त्याचे नाव जेम्स बॉस्वेल. दोघांची पहिली भेट १६ मे १७६३ रोजी लंडनमधील एका पुस्तकांच्या दुकानात झाली. त्या वेळी जॉन्सन त्रेपन्न वर्षांचे, तर बॉस्वेल अवघा बावीस वर्षांचा होता. बॉस्वेल हा एडिंबरा शहरातील वकील. तो उत्साही, बोलका आणि थोडासा बढाईखोर होता. पण त्याला एक फार चांगली सवय होती. दिवसभरात जे पाहिले व ऐकले, ते तो रात्री टिपून ठेवी. आणि स्वतःची फजिती झाली, तर तीही टिपण्यास तो लाजत नसे.

जॉन्सन लहान असताना त्यांच्या वडिलांनी त्यांच्या हाती एक पुस्तक दिले होते. स्कॉटलंडच्या पश्चिमेस हेब्रिडीज नावाचा जो द्वीपसमूह आहे, त्याचे वर्णन त्या पुस्तकात होते. ती बेटे एकदा डोळ्यांनी पाहावी, ही त्यांची बाळपणीची इच्छा तेव्हापासून मनात घर करून राहिली होती. पोटापाण्याच्या धडपडीत तारुण्य गेले, शब्दकोशाच्या श्रमात प्रौढपण गेले. अखेर बॉस्वेलच्या आग्रहावरून १७७३ साली हा योग जुळून आला.

१४ ऑगस्ट १७७३ रोजी जॉन्सन एडिंबरा येथे पोहोचले. डोंगराळ मुलखात चोरदरोडेखोर भेटतील, या कल्पनेने त्यांनी पिस्तुलांची जोडी आणि दारूगोळाही बरोबर आणला होता. अशी भीती बाळगण्याचे कारण नाही, असे मित्रांनी पटवून दिल्यावर ते सारे सामान एडिंबऱ्यालाच ठेवण्यात आले. अंगात जाड, ऐसपैस तपकिरी डगला. त्याचे खिसे इतके मोठे होते, की शब्दकोशाचे दोन्ही जाडजूड खंड त्यांत जवळजवळ मावावेत, असे बॉस्वेलने म्हटले आहे. हातात ओक वृक्षाची मोठी काठी. या काठीवर एक फूट अंतरावर एक खिळा व एक यार्ड अंतरावर दुसरा खिळा ठोकलेला होता. त्यामुळे ती चालण्यास आधार देई आणि वाटेत दिसेल त्या वस्तूचे माप घेण्यासही उपयोगी पडे.

१८ ऑगस्टला दोघे मित्र एडिंबऱ्याहून निघाले. पूर्व किनाऱ्याने वर जाऊन, पुढे घोड्यांवरून डोंगर ओलांडून, सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला ते ग्लेनेल्ग या किनाऱ्याजवळ आले. त्या संध्याकाळी एक लहानसा कलह झाला. पुढे जाऊन मुक्कामाची व्यवस्था पाहावी, या सद्‍हेतूने बॉस्वेलने घोडा पुढे काढला. परक्या मुलखात, अंधार पडत असताना आपल्याला मागे टाकून मित्र पुढे जातो, हे पाहून जॉन्सन अत्यंत संतापले. त्यांनी त्याला हाका मारून परत बोलावले आणि खूप खडसावले. बॉस्वेलला रात्रभर नीट झोप लागली नाही. सकाळी त्याने पुन्हा तो विषय काढला, तेव्हा आपण रागाच्या भरात बोललो, हे जॉन्सन यांनी मोकळ्या मनाने कबूल केले. मैत्री अभंग राहिली, आणि त्याच दिवशी दोघे एका नावेत बसून स्काय या बेटावर उतरले.

यानंतर खऱ्या जलयात्रेस आरंभ झाला. ८ सप्टेंबर रोजी त्यांना स्कायहून रासे बेटावर जावयाचे होते. नाव उघडी होती. चार वल्ही चालत होती, नावाडी आपल्या गेलिक भाषेतील गाणी म्हणत होते, आणि वारा चांगलाच जोरात होता. जॉन्सन नावेच्या मागच्या बाजूस उंच जागी बसले होते. त्यांचा तो भव्य देह पाहून बॉस्वेलला ग्रीक पुराणातील सागरदेवाची आठवण झाली. लाटांकडे पाहून जॉन्सन म्हणू लागले, की हा अटलांटिक महासागर आपण उघड्या नावेतून ओलांडला, हे लंडनमधील चहाच्या बैठकीत सांगितले, तर लोकांच्या अंगावर काटा उभा राहील, आणि असल्या संकटात उडी घेणाऱ्या मनुष्याला ते मूर्ख ठरवतील!

त्या गडबडीत एक अनर्थ घडला. जॉन्सन यांच्या घोडेस्वारीच्या आरा बॉस्वेलच्या नोकराने सांभाळण्यास घेतल्या होत्या. त्या समुद्रात पडल्या. जॉन्सन प्रथम रागावले. घोड्यावर बसताना लागणारी वस्तू नावेतून समुद्रात जावी, हे त्यांना मोठे विचित्र वाटले. पण लगेच त्यांनी स्वतःचे समाधान करून घेतले. ही हानी नव्हे, केवळ गैरसोय आहे, असे ते म्हणाले. मग त्यांना आठवले, की आदल्याच रात्री आपली काठी नदीत वाहून गेल्याचे स्वप्न आपण पाहिले होते. त्या बेटांवरील लोकांचा स्वप्नांवर व भविष्यसूचक दृष्टीवर फार विश्वास होता. तेव्हा आपली ही स्वप्नकथा तुमच्या पुष्कळ कथांपेक्षा सरस आहे, असे सांगून त्यांनी सर्वांना हसवले.

रासे बेटावर पाहुण्यांचा फार सन्मान झाला. बॉस्वेल तर तेथील सर्वांत उंच टेकडीवर चढला आणि माथ्यावर पोहोचताच सोबत्यांसह नाचला. पण सर्वत्र असा आनंद नव्हता. १७४६ साली कलोडनच्या रणांगणावर डोंगरी टोळ्यांचा पराभव झाला होता. त्यानंतर त्यांची शस्त्रे काढून घेण्यात आली आणि त्यांच्या पारंपरिक पोशाखावरही बंदी आली. जमिनीचे खंड वाढले. कुटुंबेच्या कुटुंबे घर सोडून जहाजाने अमेरिकेस जात होती. ज्या समुद्रावर दोन मित्र हौसेने विहार करीत होते, त्याच समुद्रावरून दुसरी माणसे पोटासाठी कायमची निघून चालली होती. जॉन्सन यांनी हे लक्षपूर्वक पाहिले आणि आपल्या ग्रंथात नमूद केले. थट्टा करण्यास आलेला पंडित त्या माणसांच्या दुःखाविषयी आस्थेने लिहू लागला.

१८ सप्टेंबर रोजी जॉन्सन यांना चौसष्ट वर्षे पूर्ण झाली. वाढदिवसाची आठवण त्यांना मुळीच आवडत नसे. बॉस्वेलने मात्र ती गोष्ट यजमानांना प्रेमाने सांगून टाकली आणि मित्राची नाराजी ओढवून घेतली. अतिस्नेहही कधीकधी असा जाचक होतो!

या प्रवासातील सर्वांत बिकट प्रसंग ३ ऑक्टोबरला आला. स्काय बेटावरून मल बेटाकडे जाण्यासाठी ते एका लहान गलबतात बसले. कॉल बेटाच्या जहागीरदाराचा तरुण मुलगा डोनाल्ड मॅक्लीन त्यांच्याबरोबर होता. तिकडच्या रीतीप्रमाणे त्याच्या बेटाच्या नावावरून सर्व जण त्याला कॉल असेच म्हणत. हा तरुण मोठा कर्ता, आनंदी व प्रेमळ होता.

आरंभी वारा अनुकूल होता. तरीही जॉन्सन यांना गलबत लागले. ते खाली जाऊन अंथरुणावर आडवे झाले. बॉस्वेल मात्र ताठ मानेने वर उभा राहिला. त्याने पोटभर खाल्ले, प्याले. एवढा मोठा पंडित निपचित पडला आहे आणि आपण मात्र पक्के दर्यावर्दी ठरलो आहोत, या विचाराने त्याची छाती फुगली. आता अमेरिकाच काय, हिंदुस्थानापर्यंतसुद्धा आपण सहज जाऊ, असे त्याला वाटू लागले. परंतु हे मनोराज्य फार वेळ टिकले नाही. थोड्याच वेळात त्याच्याही पोटात ढवळू लागले, आणि त्या दर्यावर्दी वीराची दशा केविलवाणी झाली!

तेवढ्यात वारा फिरला. तो समोरून येऊ लागला, पाऊस कोसळू लागला आणि रात्र पडली. मलला पोहोचणे अशक्य झाले. मार्ग बदलून कॉल बेटाचा आसरा घ्यावा, असे ठरले. पण काळोखात, खडकांमधून, खवळलेल्या समुद्रावर ते बंदर सापडणे सोपे नव्हते. गलबतावर पेटलेल्या इंधनाच्या ठिणग्या वाऱ्याने उडत होत्या. कॉलला शिकारीचा शोक असल्यामुळे त्याच्याजवळ बंदुकीची दारू होती, हे बॉस्वेलच्या ध्यानात आले. वर पाणी, खाली पाणी आणि मध्ये दारू! बुडून मरावे की स्फोटाने उडून मरावे, एवढीच निवड आता उरली आहे, असे त्याला वाटू लागले.

सर्व माणसे आपापल्या कामात गुंतली होती. कोणी सुकाणू धरले होते, कोणी शिडे सांभाळत होते. काहीच न करणारा असा बॉस्वेल एकटा होता. त्याने कळवळून कॉलला विचारले, “मी काय करू?” कॉलने क्षणाचाही विलंब न लावता डोलकाठीच्या टोकाला बांधलेली एक दोरी त्याच्या हातात दिली. मी सांगेन तेव्हाच ती ओढावयाची, तोवर घट्ट धरून ठेवावयाची, अशी त्याने आज्ञा केली. बॉस्वेल त्या जागी पाय रोवून उभा राहिला. पावसाच्या धारा तोंडावर बसत होत्या, वारा अंगाला झोंबत होता. पण त्याने दोरी सोडली नाही. आता आज्ञा येईल, मग आज्ञा येईल, म्हणून तो कान टवकारून वाट पाहत होता. ती आज्ञा कधीच आली नाही!

त्या दोरीचा गलबताला काडीइतकाही उपयोग नव्हता. हे रहस्य बॉस्वेलला पुढे कळले. घाबरलेला मनुष्य कामकऱ्यांच्या पायांत येऊ नये, त्याचे मन भीतीपासून दूर राहावे आणि आपणही काहीतरी करीत आहोत, असे त्याला वाटावे, म्हणून कॉलने ती युक्ती योजली होती. संकटात दुसऱ्याला भित्रा म्हणून हिणवणे सोपे असते. त्याच्या हातात दोरी देऊन त्याचा मान राखणे, हे थोड्यांनाच सुचते. मरणाच्या दारात उभे असतानाही त्या तरुणाला ते सुचले.

या सर्व काळात जॉन्सन काय करीत होते? ते खाली स्वस्थ पडून होते. गलबताचा त्रास ओसरला होता आणि वर काय चालले आहे, याची त्यांना काही कल्पना नव्हती. कोठे चाललो आहोत, असे त्यांनी मध्येच एकदा विचारले. मल किंवा कॉल, अजून निश्चित नाही, असे उत्तर मिळताच, आपली पसंती कॉललाच, असे त्यांनी मोठ्याने बजावले. जणू काही निवड त्यांच्याच हातात होती! रात्री उशिरा गलबत कॉलच्या बंदरात सुखरूप लागले. भिजून चिंब झालेला बॉस्वेल खाली जाऊन पाहतो, तो काय! तत्त्ववेत्त्याला शोभेल अशा शांतपणे जॉन्सन निजले होते, आणि कॉलचा शिकारी कुत्रा त्यांच्या पाठीला पाठ लावून त्यांना ऊब देत होता.

प्रतिकूल वाऱ्यामुळे त्यांना कॉल बेटावर १४ ऑक्टोबरपर्यंत अडकून पडावे लागले. मग ते मल बेटावर गेले. तेथे जॉन्सन यांची ती मापाची काठी हरवली. कोणाकडून तरी ती मिळेल, असे बॉस्वेल म्हणाला; पण जॉन्सन यांना ती आशा वाटली नाही. जेथे औषधालाही झाड दिसत नाही, त्या बेटावर एवढ्या मोठ्या लाकडाची किंमत काय होईल, याचा विचार करा, असे त्यांनी मित्राला सांगितले.

यात्रेचे शेवटचे मोठे स्थान आयोना हे होते. सन ५६३ मध्ये कोलंबा नावाच्या साधूने येथे मठ स्थापिला आणि आसपासच्या मुलखात ज्ञानाचा व धर्माचा प्रसार केला. १९ ऑक्टोबरच्या रात्री, चांदण्यात, काळ्या खडकांमधून नाव जात होती. हेब्रिडीजमध्ये भटकणे म्हणतात ते हेच, असे जॉन्सन उद्गारले. त्या पवित्र भूमीवर पाय ठेवताच दोघा मित्रांनी एकमेकांना कडकडून आलिंगन दिले. ती रात्र त्यांनी एका धान्याच्या कोठारात, गवताच्या अंथरुणावर, सामानाच्या पेट्या उशाला घेऊन काढली.

जॉन्सन यांचा प्रवासग्रंथ १७७५ साली प्रसिद्ध झाला. तो लिहून होण्यापूर्वीच एक दुःखद वार्ता आली. ज्याने वादळातून सर्वांना तारले, तो तरुण कॉल १७७४ साली उल्वा आणि इंच केनेथ या बेटांमधील सामुद्रधुनीत बुडून मरण पावला. त्याच्या गुणांचा गौरव करण्यासाठी उचललेली लेखणी त्याच्या मृत्यूची नोंद करण्यास लागली. समुद्र हसवतो, तसाच तो रडवतोही.

१३ डिसेंबर १७८४ रोजी जॉन्सन निवर्तले. पुढच्या वर्षी बॉस्वेलने आपली प्रवासाची दैनंदिनी प्रकाशित केली. आयुष्यातील अत्यंत सुखाचा काळ या प्रवासात गेला, असे जॉन्सन आपल्याला वारंवार सांगत, असे त्याने तीत लिहिले आहे. पावसात दोरी धरून उभे राहिल्याची आपली फजितीही त्याने त्या दैनंदिनीत जशीच्या तशी छापली. कॉल तेव्हा हयात नव्हता. ती गोष्ट लपवणे अवघड नव्हते. परंतु ती लपवली असती, तर त्या तरुणाचा समयसूचकपणा आणि चांगुलपणाही जगाला कळला नसता. दुसऱ्यावर हसणाऱ्याचा विनोद पुष्कळदा बोचतो. स्वतःवर हसणाऱ्याचा विनोद मात्र सर्वांना आपलासा वाटतो.

जॉन्सन हे नाव महाराष्ट्रालाही परके नाही. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी त्यांच्यावर विस्तृत निबंध लिहिला. जॉन्सन यांची ‘रासेलस’ ही कथा कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी मराठीत आणण्यास आरंभ केला आणि ते काम त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी पुरे केले. सर्व सुखे असलेल्या दरीत राहूनही जग पाहण्यासाठी बाहेर पडणाऱ्या एका राजपुत्राची ती कथा आहे. १७५९ साली ती लिहिणारे जॉन्सन पुढे चौदा वर्षांनी स्वतःच काठी घेऊन जग पाहण्यास बाहेर पडले. बाळपणी वाचलेल्या पुस्तकातील बेटे त्यांना म्हातारपणी भेटली. उशीर झाला होता. पण भेट झाली.

अभ्यास

१. जॉन्सन यांना हेब्रिडीज बेटे पाहण्याची इच्छा कशामुळे झाली?

२. शिडाच्या गलबतावरील नावाडी आणि धान्य उफणणारा शेतकरी यांच्यात कोणते साम्य आहे?

३. कॉलने बॉस्वेलच्या हातात दोरी का दिली? यावरून त्याचे कोणते गुण दिसतात?

४. वादळाच्या रात्री बॉस्वेल व जॉन्सन यांची स्थिती कशी होती, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.

५. ‘स्वतःवर हसणाऱ्याचा विनोद मात्र सर्वांना आपलासा वाटतो.’ हे विधान पाठातील प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करा.

६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : मनात घर करणे, छाती फुगणे, कान टवकारणे, अंगावर काटा उभा राहणे, गत्यंतर नसणे.

७. नकाशात स्काय, रासे, कॉल, मल व आयोना ही बेटे शोधा आणि दोघा मित्रांचा मार्ग रेखाटा.

८. घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला त्यांनी केलेल्या प्रवासाची हकीकत विचारा व ती दहा-बारा ओळींत लिहा.